न दिसणाऱ्या छिद्राचं माप

सोडियमचा आयन (आयन म्हणजे विद्युतभार असलेला अणू किंवा रेणू) पोटॅशियमच्या आयनपेक्षा लहान असतो. एकाची त्रिज्या ०.९५ अँगस्ट्रॉम, दुसऱ्याची १.३३. (अँगस्ट्रॉम म्हणजे एका मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.) तरीही आपल्या चेतापेशींच्या पटलात अशी छिद्रं आहेत, ज्यांतून मोठा पोटॅशियम सुसाट निघून जातो आणि लहान सोडियम अडकून राहतो. चाळणीतून गहू खाली पडावेत आणि रवा वर राहावा, असला हा प्रकार.

हे छिद्र केवढं असेल आणि आतून कसं असेल, याचा हिशेब अमेरिकेतल्या सिॲटल शहरात एका प्राध्यापकानं बेडकाच्या नसेवर प्रयोग करून मांडला. वर्षं होती १९७१ ते १९७३. ते छिद्र प्रत्यक्ष पाहायला मिळालं १९९८ मध्ये, म्हणजे पाव शतक उलटून गेल्यावर. हिशेब बरोबर निघाला. त्या प्राध्यापकांचं नाव बर्टिल हिले. १९६८ पासून ते युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये शरीरक्रियाशास्त्र शिकवत आणि संशोधन करत आले.

मीही हाच विषय शिकवते. चेतासंदेशाचा धडा सुरू झाला की आकृती काढायची, सोडियम आत, पोटॅशियम बाहेर, बाण दाखवायचे आणि पुढं जायचं, असं बहुतेक वर्गांत होतं. मुलंही लिहून घेतात. एखादीच विचारते, ‘पण हे कळलं कसं?’ मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो आणि त्याचं उत्तर द्यायला हिले यांच्या कामासारखं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. म्हणून हा लेख.

आधी थोडी पूर्वपीठिका. पेशीचं पटल म्हणजे मेदाच्या रेणूंचा दुहेरी थर, जाडी साधारण ४ नॅनोमीटर. मेदातून तेलकट पदार्थ सहज जातात, विद्युतभार असलेले आयन जात नाहीत. आयनाला पाणी आवडतं. पाण्याचे रेणू त्याला चहूबाजूंनी बिलगून असतात आणि ते सोडून मेदात शिरायचं तर प्रचंड ऊर्जा लागते. त्यामुळे पेशीच्या आत आणि बाहेर क्षारांचं प्रमाण अगदी वेगळं ठेवता येतं. आपल्या शरीरात पेशीबाहेर सोडियम लिटरला सुमारे १४५ मिलिमोल, आत जेमतेम १० ते १५. पोटॅशियमचं उलट, आत १४० च्या आसपास आणि बाहेर ४ ते ५. हा फरक टिकवायला पटलातला एक पंप सतत ऊर्जा खर्च करत असतो.

या फरकामुळे आणि पोटॅशियम थोडं थोडं झिरपत असल्यामुळे पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानानं सुमारे ७० मिलिव्होल्टनं ऋण असते. आकडा छोटा वाटतो. पण पटलाची जाडी लक्षात घेऊन मीटरच्या हिशेबात मांडलं तर हे क्षेत्र दर मीटरला पावणेदोन कोटी व्होल्ट होतं. पटलात बसलेलं प्रथिन एवढ्या जबर विद्युतक्षेत्रात चोवीस तास उभं असतं. ते क्षेत्र जरा बदललं की प्रथिनाचा आकार बदलतो, यात मग नवल वाटत नाही.

संदेश जाताना काय होतं, हे ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली या इंग्रज शास्त्रज्ञांनी माकूळ जातीच्या समुद्री प्राण्याच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून दाखवलं होतं. पटलाचं व्होल्टेज आपल्याला हवं तिथं धरून ठेवायचं आणि प्रवाह मोजायचा, ही त्यांची रीत. १९५२ मध्ये त्यांनी सगळं गणितात बसवलं: आधी सोडियम आत घुसतो, पाठोपाठ पोटॅशियम बाहेर पडतो, एक-दोन मिलिसेकंदांत खेळ आटोपतो. या कामाला १९६३ चं नोबेल मिळालं. पण आयन पटल ओलांडतात ते नेमके कशातून, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगण्याइतका पुरावा त्यांच्या हाती नव्हता आणि त्यांनी तसं प्रामाणिकपणे लिहिलं. एखादा वाहक रेणू आयनाला कडेवर घेऊन पलीकडे नेत असेल, की पटलात पाण्यानं भरलेलं छिद्र असेल? सोडियम आणि पोटॅशियमचा रस्ता एकच की दोन?

या घडीला हिले या विषयात आले. घर गणितज्ञांचं. वडील आयनर हिले येल विद्यापीठातले नामवंत गणिती, मामा ओयस्टाइन ओर हेही गणितीच. मुलानं मात्र येलमधून प्राणिशास्त्राची पदवी घेतली (१९६२) आणि न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात पीएच.डी. केली (१९६७). पुढं काही काळ केंब्रिजला खुद्द हॉजकिन यांच्याकडे काम केलं आणि मग सिॲटल गाठलं. घरातलं गणित वाया गेलं नाही, असं त्यांचे शोधनिबंध वाचताना वाटत राहतं. समीकरण जिथं हवं तिथंच येतं आणि आलं की काहीतरी ठरवून जातं.

त्यांचं प्रयोगाचं साधन काय, तर बेडकाच्या मांडीतली मोठी नस. तिच्यात हजारो तंतू असतात. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुयांनी त्यांतला एकच तंतू सोडवून घ्यायचा, तोही इजा न होता. तंतूची जाडी एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी. त्याच्यावर मेदाचं वेष्टण असतं आणि दर दीड-दोन मिलिमीटरवर ते वेष्टण तुटून पटलाची एक अरुंद कडी उघडी पडते. कडीची रुंदी साधारण एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सगळा प्रवाह या एवढ्याशा कडीतूनच वाहतो, म्हणून ती प्रयोगाला सोन्यासारखी. बाजूच्या खोबणीतलं द्रावण बदलायचं, कडीचं व्होल्टेज धरायचं आणि पडद्यावर उमटणारा प्रवाह पाहायचा. हात स्थिर नसेल तर दिवस फुकट. ही कला शिकायला विद्यार्थ्यांचे महिनोन्‌महिने जात.

पहिला प्रश्न, रस्ता एक की दोन. इथं विषं कामी आली. टेट्रोडोटॉक्सिन हे फुगणाऱ्या माशाच्या यकृतात आणि अंडाशयात सापडणारं विष. जपानमध्ये ते खाऊन माणसं दगावल्याच्या नोंदी जुन्या आहेत. तोशिओ नाराहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात १९६४ मध्ये दाखवलं की हे विष सोडियमचा प्रवाह बंद करतं आणि पोटॅशियमच्या प्रवाहाला धक्काही लावत नाही. हिले यांनी बेडकाच्या तंतूवर तेच पाहिलं आणि त्याच्या जोडीला उलट बाजूही पक्की केली. टेट्राएथिलअमोनियम नावाचं रसायन घातलं की पोटॅशियमचा प्रवाह थांबतो आणि सोडियमचा तसाच्या तसा, अगदी तेवढ्याच वेगानं सुरू होतो नि ओसरतो. रस्ता एकच असता तर एक बंद केल्यावर दुसऱ्याचं काहीतरी बिघडलं असतं. काहीही बिघडलं नाही. म्हणजे रस्ते दोन आणि दोन्ही स्वतंत्र.

आज हे वाचायला सरळ वाटतं. त्या काळी अनेक ज्येष्ठांना ते पटत नव्हतं. पटलात प्रथिनांची छिद्रं असतील आणि प्रत्येक आयनाचं वेगळं असेल, ही कल्पना त्यांना भाबडी वाटे. हिले आणि क्ले आर्मस्ट्राँग हे दोघं तरुण संशोधक वेगवेगळ्या ठिकाणी काम करत, पण दोघांचा ओढा एकाच बाजूला होता. आर्मस्ट्राँग यांनी माकुळाच्या तंतूच्या आतल्या बाजूनं टेट्राएथिलअमोनियमचे भाऊबंद घालून पाहिले. छिद्र उघडं असेल तरच ते आत शिरून अडकत, आणि बाहेरून पोटॅशियम वाढवलं की जणू मागून रेटा मिळाल्यासारखे सुटत. यावरून कळलं की पोटॅशियमच्या छिद्राची उघडझाप करणारी झडप आतल्या बाजूला आहे, तिच्यामागे ऐसपैस पोकळी आहे आणि त्यापलीकडे अरुंद नळी.

वाहक की छिद्र, याचा निकाल लावणारा एक आकडा मी वर्गात नेहमी फळ्यावर करून दाखवते. एक पिकोॲम्पिअर (एका ॲम्पिअरचा एक लाख कोटीवा भाग) प्रवाह म्हणजे सेकंदाला सुमारे ६२ लाख आयन. एका आयनाचा भार माहीत आहे, त्यानं भागायचं, बस. १९७६ मध्ये जर्मनीतल्या गटिंगेनमध्ये एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी काचेच्या बारीक नळीचं टोक पटलावर टेकवून एकेका चॅनेलचा, म्हणजे अशा छिद्र असलेल्या एकेका प्रथिनाचा, प्रवाह प्रत्यक्ष नोंदवला. तो काही पिकोॲम्पिअर भरला. म्हणजे एका रेणूतून सेकंदाला कोटीच्या घरात आयन. एकेक आयन धरायचा, पलीकडे न्यायचा, सोडायचा आणि परत यायचं, असं करणाऱ्या कुठल्याही वाहकाला हा वेग झेपणार नाही. एवढे आयन जायचे तर वाट मोकळीच हवी. या कामालाही नोबेल मिळालं, १९९१ मध्ये.

आता छिद्राच्या मापाकडे येऊ. लेखाचा गाभा हाच, म्हणून इथं थोडं रेंगाळते.

युक्ती अशी. तंतूच्या बाहेरच्या द्रावणातलं सोडियम काढून टाकायचं आणि त्या जागी दुसरा धनभारित आयन घालायचा. मग व्होल्टेज बदलत न्यायचं आणि प्रवाहाची दिशा कुठल्या व्होल्टेजला उलटते ते पाहायचं. त्यावरून तो आयन सोडियमच्या तुलनेत किती सहज आत जातो, याचं गुणोत्तर निघतं. हिले यांनी एकामागून एक सेंद्रिय आयन लावून पाहिले. प्रत्येकाचा आकार रसायनशास्त्राला आधीच माहीत होता. जो जातो तो छिद्रापेक्षा लहान, जो जात नाही तो मोठा, इतकी साधी अपेक्षा.

हायड्रॉक्सिलअमाइनचा आयन जवळपास सोडियमइतकाच सहज गेला. हायड्रॅझिनचा निम्म्याहून थोडा जास्त. ग्वानिडिनचा, जो चांगला पसरट आहे, तोही गेला, सोडियमच्या सुमारे एक अष्टमांश. पण मिथिलअमाइनचा आयन गेलाच नाही, मोजता येण्याइतकासुद्धा नाही.

इथं थांबून विचार करायला हवा. हायड्रॉक्सिलअमाइन, हायड्रॅझिन आणि मिथिलअमाइन यांचे आयन एकाच साच्यातले. एका टोकाला तिघांचाही धनभारित नायट्रोजन. फरक फक्त दुसऱ्या टोकाचा. हायड्रॉक्सिलअमाइनला तिथं ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी आहे, हायड्रॅझिनला नायट्रोजन आणि दोन हायड्रोजन, मिथिलअमाइनला कार्बन आणि तीन हायड्रोजन. आकारात फारसा फरक नाही. मग दोघांना प्रवेश आणि तिसऱ्याला मज्जाव का?

हिले यांचं उत्तर असं: छिद्राची आतली बाजू ऑक्सिजनच्या अणूंनी मढलेली आहे. पहिल्या दोन आयनांच्या टोकाचे हायड्रोजन ऑक्सिजनशी हायड्रोजन बंध जोडू शकतात. बंध जुळला की दोन अणू नेहमीपेक्षा जवळ येतात, म्हणजे आयन जणू आक्रसतो आणि भिंतीला घासून निघून जातो. मिथिल गटाच्या हायड्रोजनना हे जमत नाही. ते ऑक्सिजनपासून आपलं पूर्ण अंतर राखतात आणि तेवढ्या अंतराला जागा पुरत नाही. एकच न जाणारा रेणू. पण त्यानं छिद्राच्या मापासोबत त्याच्या भिंतीवर कुठले अणू आहेत हेही सांगितलं. सोडियमच्या छिद्राची सर्वांत अरुंद जागा साधारण ३ बाय ५ अँगस्ट्रॉमची, असं माप निघालं. सोडियमचा आयन पाण्याचा एखादा रेणू सोबत घेऊन त्यातून जाऊ शकतो.

हे सगळं १९७१ मध्ये छापून आलं. तेव्हा या प्रथिनाचा एकही तुकडा कुणाच्या परीक्षानळीत नव्हता.

मग त्यांनी पोटॅशियमच्या छिद्राला हीच कसोटी लावली. ते फारच निवडक निघालं. पोटॅशियम, त्याच्याच आकाराचे थॅलियम आणि रुबिडियम, थोडाफार अमोनियम, एवढेच जातात. सेंद्रिय आयन सगळे अडले. सोडियम आणि लिथियम मोजण्याइतकेही गेले नाहीत. माप निघालं ३ अँगस्ट्रॉमच्या आसपास, म्हणजे पोटॅशियमचा उघडा आयन जेमतेम मावेल एवढं.

पण मग सोडियम का अडतो? उत्तर पाण्यात आहे. एवढ्या अरुंद जागेत शिरायचं तर आयनाला अंगाभोवतीचं पाणी उतरवून ठेवावं लागतं आणि त्याची किंमत ऊर्जेत मोजावी लागते. पोटॅशियमचं पाणी सुटलं तरी भिंतीतले ऑक्सिजन त्याला नेमक्या त्याच अंतरावर भेटतात, झालेला तोटा भरून निघतो. सोडियम लहान. भिंत ताठ असल्यामुळे सगळे ऑक्सिजन त्याच्यापर्यंत पोचू शकत नाहीत. पाणी सोडलं आणि बदल्यात काहीच मिळालं नाही, अशी त्याची गत होते. त्याला बाहेर पाण्यात राहणंच परवडतं. या विचाराला आर्मस्ट्राँग आणि फ्रान्सिस्को बेझानिया यांनी आकार दिला आणि हिले यांच्या मोजमापांनी तो भक्कम झाला.

१९९८ मध्ये रॉकफेलर विद्यापीठात रॉडरिक मॅकिनन यांनी एका जिवाणूतल्या पोटॅशियम चॅनेलचे स्फटिक करून क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली. अरुंद नळी १२ अँगस्ट्रॉम लांब, तिच्या भिंतीवर ऑक्सिजनच्या रांगा, पोटॅशियमला बेतून घेतल्यासारख्या. तिच्या आतल्या बाजूला पाण्यानं भरलेली पोकळी, त्याखाली झडप. आर्मस्ट्राँग, हिले आणि मॅकिनन या तिघांना १९९९ चं लास्कर पारितोषिक एकत्र दिलं गेलं. मॅकिनन यांना पुढं २००३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेलही मिळालं. लास्करच्या निवडीत मला जास्त न्याय दिसतो, कारण त्यात अंदाज बांधणारे आणि तो खरा ठरवणारा एका ओळीत उभे आहेत.

हिले यांच्या प्रयोगशाळेतून काय काय बाहेर पडलं, याचं एक उदाहरण देते. ॲन वुडहल यांनी तिथं काम करताना १९७३ मध्ये दाखवलं की द्रावण आम्लधर्मी केलं तर हायड्रोजनचे आयन सोडियमच्या छिद्रात शिरून त्याला बूच लावतात आणि हा अडथळा व्होल्टेजप्रमाणे कमी-जास्त होतो. त्यावरून बूच पटलाच्या विद्युतक्षेत्रात किती खोल बसलं आहे, हे काढता येतं. बाहेरून आत सुमारे एक चतुर्थांश अंतरावर, असं उत्तर आलं. आज जगात कुठल्याही चॅनेलला अडवणारं रसायन सापडलं की पहिल्यांदा वुडहल यांचंच समीकरण लावून पाहतात.

आणि आता असं काम, ज्याचा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांनी स्वतःच्या जबड्यात घेतला आहे. दाढ काढताना लिग्नोकेनचं इंजेक्शन देतात ते सोडियमची चॅनेल्स बंद करण्यासाठी. ती बंद झाली की वेदनेचा संदेश मेंदूकडे निघूच शकत नाही. पण हे औषध चॅनेलपर्यंत पोचतं कसं? १९७७ मध्ये हिले यांनी दाखवलं की त्याला दोन वाटा आहेत. लिग्नोकेनचे रेणू शरीरात दोन रूपांत असतात, भार नसलेले आणि धनभार असलेले. शरीराच्या नेहमीच्या सामूमध्ये (म्हणजे आम्लतेच्या पातळीवर, pH) सुमारे चौथा हिस्सा भाररहित असतो. तो मेदात विरघळतो, पटलातून सरळ आत जातो आणि चॅनेलला बाजूनं गाठतो. धनभारित रूप मात्र पेशीच्या आतून, झडप उघडी असतानाच छिद्रात शिरू शकतं.

यातून दोन गोष्टींचा उलगडा होतो. दाढेच्या मुळाशी पू झालेला असताना भूल नीट का चढत नाही? सूज आलेला भाग आम्लधर्मी असतो, तिथं औषधाचा बहुतेक हिस्सा धनभारित होऊन बसतो आणि पटल ओलांडून आत जाऊ शकत नाही. इतर कारणंही आहेत, पण हे महत्त्वाचं. म्हणून दंतवैद्य आधी अँटिबायोटिक देऊन थांबायला सांगतात किंवा दूरच्या मोठ्या नसेपाशी इंजेक्शन देतात, तेव्हा ते टाळाटाळ करत नसतात.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. चॅनेल वारंवार उघडत असेल तर औषध त्याला अधिक घट्ट पकडतं, स्वस्थ बसलेल्या चॅनेलला कमी. हिले यांनी मांडलं की औषधाची पकड चॅनेलच्या त्या क्षणीच्या स्थितीवर अवलंबून असते. म्हणूनच हृदयाची लय बिघडून एखादा भाग भराभर ठोके देऊ लागला तर लिग्नोकेन त्या भागाला आवरतं आणि शांतपणे चालणाऱ्या भागाला फारसं छेडत नाही. फिट येणाऱ्या रुग्णाला दिलं जाणारं फेनिटोइनही असंच वागतं, बेफाम झालेल्या चेतापेशींवर त्याचा जोर जास्त. ज्यांच्या घरी कुणी वर्षानुवर्षं ती गोळी घेत असेल, त्यांनी तिच्यामागचं हे शहाणपण जरूर जाणून घ्यावं.

हिले शिक्षक म्हणून जगभर पोचले ते एका पुस्तकामुळे. उत्तेजनक्षम पटलांतल्या आयन चॅनेल्सवरचं त्यांचं पाठ्यपुस्तक १९८४ मध्ये आलं. त्याच वर्षी क्योटोमध्ये शोसाकु नुमा यांच्या गटानं वीज सोडणाऱ्या ईल माशाच्या सोडियम चॅनेलची १,८२० अमिनो आम्लांची साखळी वाचून काढली. म्हणजे पुस्तक लिहिलं जात असताना चॅनेल ही बव्हंशी प्रवाहाच्या आलेखांवरून ओळखलेली वस्तू होती. दुसरी आवृत्ती १९९२ ची, तोवर जनुकं हाती आली होती. तिसरी २००१ ची, तिच्यात मॅकिनन यांची रचना आली. आठशेवर पानांचा तो ग्रंथ. भौतिकीतून आलेला विद्यार्थी आणि वैद्यकातून आलेला विद्यार्थी दोघंही त्यावर शिकतात, कारण हिले निष्कर्ष सांगून मोकळे होत नाहीत. कुठल्या प्रयोगातून काय सिद्ध झालं आणि काय झालं नाही, हे ते सोडवून दाखवतात. मला स्वतःला शिकवण्याची ही रीत फार पटते. ती वेळखाऊ आहे आणि अभ्यासक्रम पुरा करायच्या घाईत पहिला बळी तिचाच जातो, याचं वाईट वाटतं.

सोडियम चॅनेलचं प्रथिन पहिल्यांदा ओळखलं गेलं तेही सिॲटललाच, हिले यांच्याच विद्यापीठात. तिथल्या औषधशास्त्र विभागातले विल्यम कॅटरॉल यांनी १९८० मध्ये विंचवाच्या विषाला किरणोत्सारी खूण लावली आणि ते ज्या प्रथिनाला जाऊन चिकटलं ते पकडलं. विंचवाचं विष या कामाला इतकं चपखल का, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

लाल विंचवाच्या विषात अशी छोटी प्रथिनं असतात जी सोडियमचं चॅनेल बंदच होऊ देत नाहीत. ते उघडं राहतं, नसा पुन्हा पुन्हा पेटत राहतात आणि शरीरात ॲड्रेनॅलिनच्या जातीच्या रसायनांचा पूर येतो. अंगाला दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब भडकतो, पुढं हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. लहान मुलांना धोका जास्त. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातल्या अशा रुग्णांच्या खाटेशी बसून केलेल्या नोंदी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या आणि पुढं प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपचार त्यांनी रूढ केला. प्राझोसिन चॅनेलला हात लावत नाही. चॅनेल उघडं राहिल्यानं जी रसायनं उसळतात, त्यांचा रक्तवाहिन्यांवरचा परिणाम ते अडवतं. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि याच लाल विंचवाच्या विषातून १९९० मध्ये आयबेरिओटॉक्सिन वेगळं केलं गेलं, जे एका विशिष्ट पोटॅशियम चॅनेलला नेमकं अडवतं. ते जगभरच्या प्रयोगशाळांत रोजच्या वापरात आहे.

हिले यांचं नंतरचं काम वेगळ्या वळणाचं आहे, त्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा. थोडक्यात सांगायचं तर पेशीबाहेरून आलेलं रसायन चॅनेलला स्पर्श न करता त्याचं वागणं कसं बदलतं, याचा शोध त्यांनी अनेक वर्षं घेतला. २००२ मध्ये बियुंग-चांग सुह यांच्यासोबत त्यांनी दाखवलं की काही पोटॅशियम चॅनेल्सना उघडं राहायला पटलातलाच एक दुर्मीळ मेद लागतो. संदेश आला की तो मेद मोडला जातो आणि चॅनेल मिटतं. मेद पुन्हा तयार झाला की ते पूर्ववत होतं. ज्या मेदाला आपण नुसती भिंत समजतो, त्याचाच एक घटक चॅनेलवर हुकूम चालवतो.

सोडियम चॅनेलची रचना २०११ मध्ये कॅटरॉल यांच्या गटानं जिवाणूतल्या प्रथिनावरून उलगडली. त्यात आयन पाण्याला सोबत घेऊनच अरुंद जागा पार करतो, हा हिले यांचा अंदाज खरा ठरला. माणसाच्या शरीरात अशा सोडियम चॅनेल्सचे नऊ प्रकार आहेत. काही मेंदूत, एक मुख्यतः स्नायूंत, एक मुख्यतः हृदयात, तर काही प्रामुख्यानं वेदना वाहणाऱ्या नसांत. लिग्नोकेन यांत फारसा भेद करत नाही, म्हणून ते ठरावीक जागीच टोचावं लागतं. वेदनेच्या नसांतलं आठव्या क्रमांकाचं चॅनेल तेवढं अडवणारी सुझेट्रिजिन नावाची गोळी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं जानेवारी २०२५ मध्ये मंजूर केली. शस्त्रक्रियेनंतरच्या तीव्र वेदनेसारख्या दुखण्यावर ती देता येते आणि अफूच्या कुळातल्या वेदनाशामकांसारखं तिचं व्यसन लागण्याची भीती नाही, कारण तिचं काम मेंदूत नसून वेदना वाहून आणणाऱ्या नसांत आहे.